प्रायमरीची तारीख आणि उमेदवाराचं नशीब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी जानेवारी उजाडला की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. काही इथल्या, नुकतंच नागरिकत्व मिळालेल्या मराठी मंडळींचे असतात, तर काही पुण्या-नाशिकला टीव्ही बघत बसलेल्या काका-मावश्यांचे. मी न्यू जर्सीत राहते. गणपतीच्या कार्यक्रमात सभागृहाच्या दाराशी मतदार नोंदणीचं टेबल मांडून बसते, तिथेही हेच विचारलं जातं. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच कोडं असतं : चांगला वाटणारा उमेदवार बाद का होतो आणि हरलेला अचानक पुढे कसा येतो? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी कॅलेंडर बघा. कोणतं राज्य कोणत्या तारखेला मतदान करतं, हे कळल्याशिवाय अमेरिकेतली उमेदवारीची लढत कळत नाही.

१. प्रायमरी म्हणजे नेमकं काय? तिकडे पक्ष तिकीट देत नाही का?

नाही, आणि खरा फरक इथेच आहे. आपल्याकडे तिकीट मुंबई-दिल्लीत ठरतं, यादी जाहीर होते आणि मग नाराजांची समजूत काढली जाते. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार सामान्य मतदार ठरवतो, तोही मतदान केंद्रावर जाऊन, गुप्त मतदानाने. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधीची ही उमेदवार निवडण्याची निवडणूक म्हणजे प्रायमरी. काही राज्यांत तिच्याऐवजी कॉकस असतो. म्हणजे ठरलेल्या संध्याकाळी शाळेत किंवा ग्रंथालयात जमायचं, बोलायचं आणि आपली पसंती नोंदवायची.

अध्यक्षपदाच्या लढतीत उमेदवाराला प्रत्येक राज्यातून डेलिगेट, म्हणजे पक्षाचे प्रतिनिधी, मिळतात आणि ते उन्हाळ्यातल्या पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार पक्का करतात. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे २,४७२ डेलिगेट होते आणि जिंकायला १,२३७ लागत होते.

भारतात काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग करून पाहिला होता, त्यात लातूरही होतं. वडोदऱ्यात तर प्रायमरी जिंकलेल्या कार्यकर्त्याने, समोर नरेंद्र मोदी उभे राहणार हे कळल्यावर, ज्येष्ठ नेते मधुसूदन मिस्त्री यांच्यासाठी जागा सोडली. प्रयोग तिथेच थांबला, याचं मला वाईट वाटतं.

२. सगळी राज्यं एकाच दिवशी मतदान का करत नाहीत? तारीख ठरवतं कोण?

प्रायमरीची तारीख बहुतेक ठिकाणी राज्याचं विधिमंडळ कायद्याने ठरवतं. कॉकसची तारीख पक्षाची राज्य शाखा ठरवते. आपल्या निवडणूक आयोगासारखी सगळ्या देशाचं वेळापत्रक आखणारी संस्था इथे नाही. राष्ट्रीय पक्षाच्या हातात एकच छडी असते : सांगितल्याआधी मतदान घेतलंत तर तुमचे डेलिगेट कापू. ही छडी कधी लागते आणि कधी नाही, ते आठव्या प्रश्नात पाहा.

३. आयोवा आणि न्यू हॅम्पशर ही एवढीशी राज्यं. त्यांना एवढा मान का?

संख्या पाहिली तर खरंच नवल वाटतं. २०१६ च्या रिपब्लिकन लढतीत न्यू हॅम्पशरचे फक्त २३ डेलिगेट होते. तरी उमेदवार वर्ष-वर्ष तिथल्या चहा-कॉफीच्या दुकानांत लोकांशी हात मिळवत फिरतात.

न्यू हॅम्पशर १९२० पासून प्रायमरीत पहिलं आहे. आपली प्रायमरी तशा कोणत्याही निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी झालीच पाहिजे, असा त्या राज्याचा कायदाच आहे. आयोवाचा मान तुलनेने अलीकडचा, १९७२ पासूनचा. १९६८ मध्ये तेव्हाचे उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली आणि शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर पोलीस आणि निदर्शक यांच्यात जे घडलं ते जगाने पाहिलं. त्यानंतर नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने निवड मतदारांच्या हाती दिली. आयोवाच्या कॉकसची प्रक्रिया अनेक टप्प्यांची आणि वेळखाऊ होती, म्हणून ती लवकर सुरू करावी लागली. तिथून तो पहिला नंबर चिकटला.

चार वर्षांनी जिमी कार्टर यांनी याचं मोल ओळखलं. जॉर्जियाच्या या माजी गव्हर्नरला देशात फारसं कोणी ओळखत नव्हतं. ते महिनोन्महिने आयोवात राहिले. १९७६ च्या कॉकसमध्ये सर्वाधिक, म्हणजे ३७ टक्के लोकांनी 'अजून कोणालाच नाही' असं सांगितलं. कार्टर यांना मिळाले जेमतेम २८ टक्के. पण उमेदवारांत ते पहिले होते. दुसऱ्या दिवशी बातमी तीच झाली आणि वर्षाअखेरीस ते अध्यक्ष म्हणून निवडून आले.

४. आधी जिंकल्याने पुढच्या राज्यातली मतं कशी काय वाढतात? तिथले मतदार तर वेगळे असतात.

आपण म्हणतो ना, अमक्याची हवा आहे, अगदी तसंच. पण ही हवा नुसती मनात नसते, तिच्यामागे ठोस गोष्टी असतात. पहिल्या विजयानंतर चार-पाच दिवस टीव्हीवर त्याच उमेदवाराचा चेहरा दिसतो. देणग्यांचा ओघ वाढतो, म्हणजे पुढच्या राज्यात जाहिराती घेता येतात आणि माणसं नेमता येतात. हरलेल्यांचे देणगीदार हात आखडता घेतात, मग ते माघार घेतात आणि त्यांची मतं मोकळी होतात. शिवाय पाच-सहा जणांपैकी कोणाला मत द्यायचं हे न ठरलेला मतदार, कोणाला खरोखर संधी आहे हे पाहून ठरवतो.

निकाल लागण्याची वेळ किती महत्त्वाची, हे २०१२ मध्ये आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसमध्ये दिसलं. ३ जानेवारीच्या रात्री मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं. लाखाहून जास्त मतांत फक्त आठ! सगळीकडे रॉम्नी यांचं नाव झालं. आठवड्याने न्यू हॅम्पशरही त्यांनी जिंकलं. १९ जानेवारीला पक्की मोजणी आली तेव्हा प्रत्यक्षात रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे होते. पण तोवर पंधरवडा उलटला होता. त्या रात्री सँटोरम यांना मिळायला हवा होता तो मथळा, त्या देणग्या आणि तो दबदबा आता कोण परत देणार? मतं त्यांची होती आणि फायदा दुसऱ्याला झाला. या सगळ्या विषयात मला सर्वात जास्त खुपणारं उदाहरण हेच आहे.

५. म्हणजे सुरुवातीला हरलेला संपलाच का?

नाही. पण त्याला जिथे आधार आहे ते राज्य वेळेत यावं लागतं.

१९९२ मध्ये आयोवातल्या सिनेटरनेच उमेदवारी लढवल्यामुळे बाकीच्यांनी आयोवाकडे पाठ फिरवली. बिल क्लिंटन न्यू हॅम्पशरमध्ये दुसरे आले, पण आदल्या काही आठवड्यांतले आरोप पाहता लोकांना ते अजून खाली जातील असं वाटत होतं. अपेक्षेपेक्षा बरं झालं म्हणून ते दुसरं स्थानही विजयासारखं साजरं झालं. पुढे दक्षिणेतली राज्यं होती आणि तो तर त्यांचा घरचाच भाग.

२०२० चं उदाहरण याहून ठळक आहे. जो बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांना हिशेबात धरणारं कोणी उरलं नव्हतं. पण २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना होतं. तिथे डेमोक्रॅटिक मतदारांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण मोठं आणि जिम क्लायबर्न यांच्यासारख्या नेत्याने तीन दिवस आधी पाठिंबा दिला होता. बायडेन यांना ४८ टक्क्यांहून जास्त मतं पडली. रविवारी त्यांचे प्रतिस्पर्धी पीट बुटाजेज यांनी आणि सोमवारी एमी क्लोबुचार यांनी माघार घेतली, आणि मंगळवारी, म्हणजे बरीच राज्यं एकदम मतदान करतात त्या सुपर ट्यूजडेला (प्रश्न ७), बायडेन यांनी १४ पैकी १० राज्यं जिंकली. साउथ कॅरोलायना आणि सुपर ट्यूजडे यांच्यात दोन आठवडे असते तर? तोवर आघाडीवर असलेल्या बर्नी सँडर्स यांना सावरायला वेळ मिळाला असता. आणि साउथ कॅरोलायना सुपर ट्यूजडेनंतर असतं तर बायडेन तोवर टिकले असते असं मला तरी वाटत नाही.

६. मग छोटी राज्यं सोडून थेट मोठ्या राज्यांवर जोर दिला तर?

दोन मोठ्या माणसांनी करून पाहिलं, दोघेही न्यूयॉर्कचे माजी महापौर. रुडी जुलियानी २००७ मध्ये देशपातळीवरच्या चाचण्यांत बराच काळ आघाडीवर होते. त्यांनी सगळी भिस्त २९ जानेवारी २००८ च्या फ्लोरिडावर ठेवली. तोवर आयोवा, न्यू हॅम्पशर, साउथ कॅरोलायना होऊन गेले आणि रोजच्या बातम्यांतून जुलियानी दिसेनासे झाले. फ्लोरिडात ते तिसरे आले आणि दुसऱ्याच दिवशी जॉन मॅकेन यांना पाठिंबा देऊन बाजूला झाले.

२०२० मध्ये मायकल ब्लूमबर्ग यांनी पहिली चार राज्यं सोडली आणि जाहिरातींवर ५० कोटी डॉलरहून जास्त ओतले. सुपर ट्यूजडेला त्यांच्या पदरात फक्त अमेरिकन सामोआ ही छोटी बेटं पडली. जुलियानींना निदान पैशाची चणचण तरी होती. ब्लूमबर्ग यांच्याकडे पैसा अमाप होता, पण साउथ कॅरोलायनाने त्यांच्या वाट्याचा मतदार तीन दिवस आधीच बायडेन यांच्याकडे वळवला होता.

७. सुपर ट्यूजडे कोणी सुरू केला आणि कोणाच्या फायद्यासाठी?

एका मंगळवारी बऱ्याच राज्यांनी मतदान करायचं, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर ८ मार्च १९८८ ला अमलात आली. दक्षिणेतल्या डेमोक्रॅट नेत्यांना वाटत होतं की पक्ष फार डावीकडे झुकलेले, उत्तरेतले उमेदवार देतो आणि नोव्हेंबरमध्ये मार खातो. दक्षिणेने एकत्र मतदान केलं तर आपल्यासारखा मध्यममार्गी माणूस पुढे येईल, असा त्यांचा हिशेब होता.

झालं उलटंच. दक्षिणेतली मतं अल गोर आणि जेसी जॅक्सन यांच्यात विभागली गेली. टेक्सस आणि फ्लोरिडा ही सर्वात मोठी दोन राज्यं मॅसॅच्युसेट्सच्या मायकल डुकाकिस यांनी नेली आणि पुढे उमेदवारीही त्यांनाच मिळाली. रिपब्लिकन बाजूला थोरल्या बुश यांनी त्या दिवशी जवळपास सगळी राज्यं जिंकून लढत संपवून टाकली. तारीख एकाला डोळ्यासमोर ठेवून बदलायची आणि फायदा भलत्यालाच व्हायचा, हे तेव्हापासून अनेकदा घडलंय.

८. प्रत्येक राज्याने स्वतःची तारीख पुढे घेतली तर बिघडलं कुठे?

२००८ मध्ये तेच झालं. मिशिगनने १५ जानेवारी आणि फ्लोरिडाने २९ जानेवारी धरली. डेमोक्रॅटिक पक्षाने दोन्ही राज्यांचे सगळे डेलिगेट काढून घेतले. मिशिगनच्या मतपत्रिकेवरून बराक ओबामा यांनी आपलं नाव काढून घेतलं, हिलरी क्लिंटन यांचं राहिलं. दोन्हीकडे क्लिंटन जिंकल्या, पण त्या विजयाचा उपयोग काय? मे अखेरीस पक्षाने त्या डेलिगेटना अर्धं मत परत दिलं आणि अधिवेशनात पूर्ण दिलं, पण तोवर उमेदवार ठरलेला होता. हीच राज्यं आपल्या जुन्या जागी, नियमात राहून लढली असती तर क्लिंटन यांचं पारडं कदाचित जड झालं असतं.

आपल्या माणसासाठी तारीख हलवल्याचं सरळ उदाहरणही त्याच वर्षीचं. इलिनॉयने प्रायमरी मार्चमधून ५ फेब्रुवारीवर आणली, कारण ओबामा तिथले सिनेटर होते.

छडी प्रत्येक वेळी लागते असंही नाही. २०२४ साठी डेमोक्रॅट्सनी साउथ कॅरोलायनाला पहिलं स्थान दिलं, ३ फेब्रुवारीचं. न्यू हॅम्पशरने आपला कायदा दाखवला आणि २३ जानेवारीलाच मतदान घेतलं. बायडेन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, तरी लोकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवलं.

९. न्यू जर्सीत तर जूनमध्ये मतदान असतं. तोवर सगळं ठरलेलं असतं, मग जायचं कशाला?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणाऱ्याची चिडचिड मला समजते. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्याच्या पानात उरलंसुरलंच येतं. २०१६ मध्ये आमचं आणि कॅलिफोर्नियाचं मतदान ७ जूनला होतं. आदल्या संध्याकाळी, ६ जूनला, हिलरी क्लिंटन यांना पुरेसे डेलिगेट मिळाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अग्निशमन केंद्रातल्या आमच्या मतदान केंद्रावर गेले तेव्हा टेबलामागच्या आजी स्वेटर विणत बसल्या होत्या. मी सही केली तेव्हा त्या पानावर माझ्या वर-खाली एकही सही नव्हती.

तरीही जा. पहिलं कारण असं की लढत लांबली तर शेवटची पंगतच निर्णायक ठरते. २००८ मध्ये ६ मेच्या इंडियानाला अचानक महत्त्व आलं, कित्येक दशकांत कोणी तिकडे फिरकलं नव्हतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी न्यू जर्सीने अध्यक्षपदाची प्रायमरी ५ फेब्रुवारीला पुढे घेतली होती. जूनमध्येच ठेवली असती तर दोन्ही उमेदवार आमच्या गल्लीत आले असते. दुसरं कारण जास्त मोठं आहे : त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर काँग्रेसपासून (म्हणजे इथली संसद) गावच्या कौन्सिलपर्यंतचे उमेदवार असतात आणि तिथे काहीच आधी ठरलेलं नसतं. त्याबद्दल अकराव्या प्रश्नात लिहिलंय.

१०. १५ मार्च या तारखेचं एवढं काय?

रिपब्लिकन पक्षाच्या नियमानुसार त्याआधी मतदान करणाऱ्या बहुतेक राज्यांनी डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटायचे. १५ मार्चपासून पुढे मात्र पहिल्याला सगळे देता येतात. १५ मार्च २०१६ ला फ्लोरिडात डोनाल्ड ट्रम्प यांना ४६ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि ९९ च्या ९९ डेलिगेट मिळाले. मार्को रुबियो यांनी घरच्या राज्यात हरून त्याच रात्री माघार घेतली. ओहायोचे ६६ मात्र तिथले गव्हर्नर जॉन केसिक यांनी राखले.

डेमोक्रॅट्सकडे सगळीकडे प्रमाणातच वाटप होतं, पण १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर काहीच मिळत नाही. म्हणून तिथे कोण किती लवकर माघार घेतो याला फार किंमत असते.

११. अध्यक्षपद सोडा. काँग्रेस किंवा गव्हर्नरच्या प्रायमरीलाही तारखेचा फरक पडतो का?

पडतो, पण वेगळ्या तऱ्हेने. तिथे राज्यांची साखळी नसते, त्यामुळे हवेचा प्रश्न येत नाही. इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या : मतदानाला कोण येतं, आणि जिंकल्यावर नोव्हेंबरपर्यंत किती दिवस उरतात. टेक्ससची प्रायमरी मार्चमध्ये होते, तर न्यू हॅम्पशरची सप्टेंबरमध्ये.

उशिरा प्रायमरी म्हणजे पुष्कळदा वरातीमागून घोडं. २०२२ मध्ये न्यू हॅम्पशरला रिपब्लिकन डॉन बोल्डक १३ सप्टेंबरला उमेदवार झाले. निवडणूक ८ नोव्हेंबरला, म्हणजे हातात ५६ दिवस. विद्यमान सिनेटर मॅगी हसन यांना असा अडथळा नव्हता आणि त्या आरामात जिंकल्या. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनचे माजी गव्हर्नर टॉमी थॉम्पसन सिनेटच्या चौरंगी रिपब्लिकन प्रायमरीतून १४ ऑगस्टला बाहेर पडले तेव्हा प्रचाराची तिजोरी रिकामी होती. समोर टॅमी बाल्डविन डेमोक्रॅटिक बाजूने बिनविरोध होत्या आणि त्यांचा पैसा शाबूत होता. त्या जिंकल्या. हरण्याचं कारण केवळ तारीख होती असं मी म्हणणार नाही, पण तारखेने आणखी एक ओझं लादलं हे नक्की.

उन्हाळ्यात मतदान कमी होतं, आणि एकाच पक्षाच्या बालेकिल्ल्यात मैदानात गर्दी असली तर थोडक्या मतांवर जागा निघते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे आपल्याला जवळचं उदाहरण. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ते तिसरे आले. २ ऑगस्ट २०२२ ला डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ जण उभे होते, त्यात ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पहिले आले. तिथे डेमोक्रॅटिक उमेदवारी म्हणजे जवळपास विजयच, आणि ते काँग्रेसमध्ये गेले. त्याच मिशिगनची अध्यक्षपदाची प्रायमरी मात्र वेगळ्या दिवशी असते. २०२४ मध्ये ती २७ फेब्रुवारीला आणि बाकीची ६ ऑगस्टला झाली. फेब्रुवारीत मत देऊन आपलं काम झालं असं समजणारे बरेच भेटतात.

१२. लांबलेली प्रायमरी पक्षाला महागात पडते ना?

प्रत्येक वेळी नाही. २००८ मध्ये ओबामा-क्लिंटन लढत जूनपर्यंत चालली आणि पक्ष फुटणार अशी ओरड झाली. पण त्या लढतीमुळे ओबामांची कार्यालयं, कार्यकर्ते आणि मतदारयाद्या इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यांतही तयार झाल्या. नोव्हेंबरमध्ये इंडियाना डेमोक्रॅट्सनी १९६४ नंतर प्रथमच जिंकलं आणि नॉर्थ कॅरोलायना १९७६ नंतर. लढत दोन तुल्यबळ माणसांत असेल आणि शेवटी समेट होणार असेल तर लांबण्याने सरावच होतो. १९८० मध्ये कार्टर आणि टेड केनेडी यांचं वैर अधिवेशनापर्यंत गेलं, तिथे मात्र नुकसान झालं.

१३. तारीख ऐनवेळी पुढे ढकलली गेली तर कोणाचा फायदा?

बहुतेक वेळा मागे असलेल्याचा. २०१२ मध्ये टेक्ससच्या मतदारसंघांच्या नकाशांवरून कोर्टात वाद सुरू होता, त्यामुळे ६ मार्चची प्रायमरी २९ मेला गेली. सिनेटच्या जागेसाठीच्या रिपब्लिकन लढतीत उपगव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट यांचं नाव आणि पैसा दोन्ही मोठं होतं. टेड क्रूझ यांना फार थोडे लोक ओळखत होते. त्या जवळजवळ तीन महिन्यांत क्रूझ यांनी गावोगावचे पक्षाचे मेळावे पिंजून काढले. पहिल्या फेरीत ड्यूहर्स्ट ४४ टक्क्यांच्या पुढे, क्रूझ ३४ टक्क्यांवर. टेक्ससमध्ये निम्म्याहून जास्त मतं लागतात, म्हणून ३१ जुलैला पुन्हा मतदान झालं. भर उन्हाळ्यात फक्त कट्टर मतदार बाहेर पडला आणि क्रूझ १३-१४ टक्क्यांच्या फरकाने जिंकले. मार्चमध्येच मतदान झालं असतं तर आज हे नाव आपल्याला माहीत असतं का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारलाय.

कधी कारण राजकारणाबाहेरचं असतं. न्यूयॉर्क शहराची महापौरपदाची प्रायमरी ११ सप्टेंबर २००१ लाच होती. सकाळी मतदान सुरू झालं होतं. ते थांबवून २५ तारखेला नव्याने घेतलं गेलं, आणि तोवर मतदार वेगळ्याच मनःस्थितीत होता. २०२० मध्ये करोनामुळे ओहायोची १७ मार्चची केंद्रं आदल्या रात्री बंद झाली, न्यू जर्सीची प्रायमरी २ जूनवरून ७ जुलैला गेली.

१४. मी पोस्टाने मत दिलं आणि उमेदवाराने दुसऱ्या दिवशी माघार घेतली. आता माझ्या मताचं काय?

ते मोजलं जातं, पण माघार घेतलेल्याच्या नावावर. माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. २०२० मध्ये तिची मतपत्रिका महिनाभर फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेली होती. तिने टीव्हीवरचे सगळे वादविवाद पाहिले, नवऱ्याशी भांडली, शेवटी बुटाजेज यांच्या नावापुढचा गोल काळा केला आणि गुरुवारी लिफाफा पेटीत टाकला. रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला, "अगं, तो तर गेला! माझं मत परत घेता येईल का?" कॅलिफोर्नियात एकदा दिलेलं मत परत घेता येत नाही. मिशिगनसारख्या काही राज्यांत ठरावीक मुदतीत जुनी मतपत्रिका रद्द करून नवी मागता येते.

त्याच वर्षी अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅट्सनी पसंतीक्रम लिहून घेतला, म्हणजे पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जातं. आपल्याकडे विधान परिषदेला असतं तसंच. ही पद्धत सगळीकडे यावी असं मला मनापासून वाटतं. तोवर माझा सल्ला एवढाच की चुरस असेल तर लिफाफा शेवटच्या दोन दिवसांपर्यंत हातात ठेवा, आणि पोस्टाऐवजी स्वतः पेटीत टाका.

१५. मतदानाच्या तारखेशिवाय आणखी कोणत्या तारखा उमेदवाराला बुडवतात?

अर्जाची मुदत. २०१२ च्या व्हर्जिनिया प्रायमरीसाठी १०,००० मतदारांच्या सह्या २२ डिसेंबरपर्यंत द्यायच्या होत्या. न्यूट गिंग्रिच आणि रिक पेरी यांच्या वैध सह्या भरल्या नाहीत. गिंग्रिच तर व्हर्जिनियातच राहत होते! मार्चमध्ये मतपत्रिकेवर रॉम्नी आणि रॉन पॉल ही दोनच नावं होती.

तारखेने तारलेलं उदाहरणही आहे. कनेटिकटचे सिनेटर जो लीबरमन ८ ऑगस्ट २००६ ला प्रायमरी हरले. अनेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच पदासाठी पुन्हा उभं राहता येत नाही. कनेटिकटमध्ये मात्र स्वतंत्रपणे लढण्यासाठी सह्या देण्याची मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत होती. लीबरमन यांनी सह्या आधीच गोळा करून ठेवल्या होत्या. त्या दिल्या आणि नोव्हेंबरमध्ये ते जिंकले.

१६. एकाच राज्यात एकाच पक्षाच्या दोन निवडणुका? २०२४ मध्ये नेव्हाडात नेमकं काय झालं?

राज्याच्या कायद्याने ६ फेब्रुवारीला प्रायमरी ठेवली होती. रिपब्लिकन पक्षाने स्वतःचा कॉकस ८ फेब्रुवारीला घेतला आणि डेलिगेट फक्त त्यातूनच मिळतील असं ठरवलं. ट्रम्प कॉकसमध्ये उतरले, निकी हेली प्रायमरीत. नेव्हाडात 'यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय असतो, आपल्या नोटासारखा. हेलींना त्याच्याहूनही कमी मतं पडली. दोन दिवसांनी ट्रम्प यांनी सगळे डेलिगेट नेले.

१७. कमला हॅरिस तर प्रायमरी न लढताच उमेदवार झाल्या. ते कसं?

२०२४ च्या प्रायमरी बायडेन यांनी जिंकल्या होत्या. त्यांनी २१ जुलैला माघार घेतली तेव्हा सगळ्या राज्यांचं मतदान उरकलं होतं आणि पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. डेलिगेट मात्र निवडलेले होतेच, त्यांनी हॅरिस यांना पसंती दिली. तीही अधिवेशनाची वाट न पाहता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन दिली, कारण ओहायोत नाव कळवायची जुनी मुदत ७ ऑगस्टची होती आणि पक्षाला कोर्टकचेरीचा धोका नको होता. हॅरिस २०२० च्या लढतीतही होत्या, पण ३ डिसेंबर २०१९ ला, पहिलं मत पडण्याआधीच, त्यांनी माघार घेतली होती. म्हणजे अध्यक्षपदासाठी त्यांची प्रायमरीत कसोटी लागली असं कधी झालंच नाही. हम्फ्रींच्या वेळेशी (प्रश्न ३) ही तुलना पूर्ण जुळत नाही, पण आठवण होते खरी.

१८. मी न्यू जर्सीत नोंदणीकृत आहे. मला दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं असेल तर?

तुमच्या नोंदीत कोणताच पक्ष नसेल तर काळजी नको. मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगा, मतपत्रिका मिळेल. पण एका पक्षात नाव असेल आणि दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. प्रायमरी २ जूनला असेल तर ८ एप्रिल. नव्या मतदाराची नोंदणी २१ दिवस आधी, म्हणजे १२ मे. बहुतेकांना उमेदवार आवडायला लागतो तो मेमध्ये, आणि तोवर पक्ष बदलायची मुदत गेलेली असते. म्हणून मार्चमध्ये, गुढीपाडव्याच्या कार्यक्रमातही, मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन दाराशी उभी असते. येताना वाहनचालक परवान्याचा नंबर लक्षात ठेवून या, फॉर्म भरायला पाच मिनिटं लागतात.